दोन दारांची पिवळी गाडी

मी बोलतेय, या राखाडी कापडाखालून. बाहेरून तुम्हाला फक्त माझा आकार दिसत असेल. पुढे लांब नाक, मागे आखूड पाठ, आणि उंची इतकी कमी की शेजारचं मांजर जमिनीवरून एका हलक्या उडीत माझ्यावर चढतं. मी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोनच माणसांची जागा, मागे दुमडता येणारं कापडी छप्पर आणि मोहरीच्या फुलासारखा पिवळा रंग. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या, आणि खरं सांगू, कधीकधी मला त्यांचा हेवा वाटतो.

कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू करणाऱ्या माणसाने माझ्या इंजिनाला कान लावला आणि तो म्हणाला, "ही पळणार." त्या कारखान्यात शेकडो माणसं होती. त्यांच्यातलं एकही असं म्हणालं नाही की, ही दारात उभी राहून छान दिसेल.

माझा पहिला धनी पूल बांधणारा इंजिनिअर. त्याने माझे काही लाड केले नाहीत. आज या नदीवर, उद्या त्या खाडीवर, अशी त्याची कामं असायची आणि तो मला सगळीकडे पिटाळायचा. माझ्या पायाशी चिखल, सीटवर नकाशांच्या गुंडाळ्या, डिकीत रबरी बूट. गिअर टाकताना शिव्या द्यायचा आणि वळण नीट निघालं की स्टिअरिंगवर थाप मारायचा. पाऊस आला तर छप्पर ओढायचा, नाहीतर भिजायचा आणि मलाही भिजवायचा. पुढे त्याला जुळं झालं. दोन जागांच्या गाडीत चौघं कशी बसणार? त्याने मला विकलं आणि किल्ली देऊन चालता झाला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तरी मी आजही म्हणेन, माझा खरा धनी तोच.

दुसरा धनी चष्म्यांच्या दुकानाचा मालक. इंजिनिअर येता-जाता त्याच्या दुकानावरून मला न्यायचा, तेव्हा हा हातातली काच खाली ठेवून बघत राहायचा. मी विकाऊ आहे कळल्याबरोबर धावत आला. मला घरी आणलं, बायकोचे डोळे हातांनी झाकून तिला फाटकापाशी उभं केलं आणि मग हात काढले. ती हसतच सुटली.

"अहो, हिच्यात पोरीला कुठे बसवायचं?"

"तुझ्या मांडीवर."

"मग आधी समुद्रावर न्या मला. दीपस्तंभापर्यंत. छप्पर उघडं टाकून."

"येत्या रविवारी," तो म्हणाला.

हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या शब्दाच्या पायी वाया गेलं, आणि माझ्यापेक्षाही तिचं.

त्या रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी रस्त्यावर चिखल होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने नुकतंच मला पॉलिश केलं होतं आणि किनाऱ्यावरची वाळू पॉलिशवर बसेल अशी धास्ती त्याला पडली. "जाऊ की, समुद्र काय पळून जातोय?" असं म्हणून तो मोकळा झाला. समुद्र पळून जात नाही हे खरं. माणसं थकतात, एवढंच.

सुरुवातीला तो मला दुकानात तरी न्यायचा. पण एकदा कुणाच्या तरी सायकलचं हँडल माझ्या दाराला घासलं आणि बारीकसा ओरखडा उठला. त्या दिवशी गृहस्थ जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात स्कूटरने जायला लागला आणि माझ्या अंगावर हे कापड आलं.

मग आमचा रविवारचा कार्यक्रम ठरून गेला. सकाळी कापड काढायचं, मऊ फडक्याने अंग पुसायचं, इंजिन सुरू करायचं, जागच्या जागी थोडा वेळ घुरघुरू द्यायचं आणि बंद करायचं. मग पुन्हा कापड. त्याला वाटायचं, यामुळे माझी तब्येत ठणठणीत राहते. अहो, कसली तब्येत! इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं की धुराचं पाणी पाइपातच साचतं आणि आतून गंज धरतो. उभ्या उभ्या टायर चपटतात, रबर सुकून तडकतं, ब्रेक चिकटून बसतात. बाहेरून मी आरशासारखी लखलखत होते आणि आतून कुजत होते. तो मात्र दर रविवारी लांब उभा राहून माझ्याकडे कौतुकाने बघायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला लाखोली वाहायची.

त्याच्या बायकोला हे कळत होतं. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या, पलंगाला खिळलेल्या माणसांना हाताला धरून चालायला लावणं हे तिचं काम. एकदा पायरीवर बसून चहा पिता पिता ती म्हणाली, "सांधा वापरला नाही की धरतो हो. माणसाचा काय, गाडीचा काय. फिरवून आणा तिला."

"तुझे पेशंट वेगळे आणि ही वेगळी," तो म्हणाला.

"माझे पेशंट निदान कुरकुर तरी करतात," असं म्हणून ती कप घेऊन आत गेली.

वर्षं गेली. जिला मांडीवर बसवायचं होतं ती मुलगी मोठी झाली, शिकली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. वजनदार पेशंट उचलून उचलून बायकोची कंबर गेली. आता माझ्या खोल सीटमध्ये बसणं म्हणजे तिला शिक्षाच. घरात नवी गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली: उंच, चार दारांची, चढायला-उतरायला सोपी. मग माझं काय करायचं? ठेवायची की काढायची?

या एका प्रश्नावर चष्मेवाल्याने दोन वर्षं काढली. संध्याकाळी येऊन माझ्याच सीटवर बसायचा आणि फोनवर नव्या गाड्यांचे फोटो बघायचा. माझ्या मांडीवर बसून माझ्याच सवतीचे फोटो! मधूनच उसासा टाकून माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवायचा. मग मोठ्या भावाला फोन लावायचा. "दादा, जीव होत नाही रे हिला काढायला. पण बायको मागे लागलीय. तिची कंबर ना." मित्रांनाही तेच. बायको ऐकत नाही, बायकोची कंबर, बायको, बायको.

तिने असं काही म्हटलंच नव्हतं. मुलीशी फोनवर बोलताना ती माझ्या बोनेटला टेकून उभी होती, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. "मला कुठली का गाडी असेना गं. कंबरेला पट्टा बांधून हिच्यातही बसेन, नाहीतर टेम्पोत बसेन. मला एकदा त्या समुद्रावर जायचंय तुझ्या बाबांबरोबर. आता तोंडातून काढायचीसुद्धा लाज वाटते."

माणसांची ही एक तऱ्हा मला कधी पचली नाही. निर्णय स्वतःला घेता येत नाही, तर निदान खापर तरी स्वतःच्या डोक्यावर फोडावं. तेही नाही. पुढे पुढे तर त्याने माझं पाणी-तेल बघणंच सोडलं. मला कळत होतं त्याच्या मनात काय चाललंय ते. मी आपोआप बंद पडावं, म्हणजे त्याला काही ठरवायलाच नको. पण मीही हट्टी. दर रविवारी खोकत खोकत का होईना, सुरू होत राहिले.

शेवटी बायकोचाच संयम सुटला. "दुकानात दिवसभर लोकांना विचारता, ही काच बरी दिसते की ती? लोक पटकन सांगून मोकळे होतात. तुमचंच घोडं कुठे पेंड खातंय?"

तेव्हा कुठे त्याने माझी जाहिरात दिली.

गिऱ्हाइकं आली आणि त्याला प्रत्येकात खोट दिसायला लागली. एक जण फार जाडा, स्प्रिंगा मोडेल. एकाने दार जोरात आपटलं. एक म्हणाला, काळा रंग देईन, तर त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. मग एका सकाळी गुरांची डॉक्टरीणबाई आली. गोठ्यागोठ्यांवर फिरणारी, उन्हाने रापलेली, नखांत माती. तिने मला पाहून आहाहा केलं नाही. वाकून टायरला नख लावलं आणि किल्ली मागितली.

तो शेजारी बसला, दाराचा दांडा घट्ट धरून. तिने मला गल्लीतून काढलं, मोठ्या रस्त्याला घातलं आणि पाय दाबला. आधी मी ठसकले, काळा धूर ओकले, मग आतलं साचलेलं पाणी उडून गेलं आणि काय सांगू तुम्हाला! इंजिनिअर गेल्यापासून मी पहिल्यांदा घामाघूम झाले. ब्रेक रडत होते, टायर खडखडत होते, पण मी धावत होते. "हळू हो, हळू," तो कळवळला. ती हसून म्हणाली, "अहो, जरा मोकळा श्वास घेऊ द्या की तिला." त्या क्षणी मी तिची झाले.

परत आल्यावर ती म्हणाली, "टायर दगड झालेत, रबरं सगळी गेलीत, सायलेन्सर आतून खाल्लाय. पण मला हवी ही. मी चालवीन हिला. रोज."

"रोज?" त्याचा चेहरा पडला. "पावसातसुद्धा?"

"पाऊस आहे म्हणून गाई आजारी पडायच्या राहतात का?"

त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली आणि खिशात टाकली. "माफ करा. विकायची नाही मला."

बायको पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती खाली आली. "द्या हो तिला. चांगल्या हातात पडतेय."

"अगं, जीव आहे माझा तिच्यावर."

ती आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा ज्याच्यावर जीव बसतो ना, ते जागचं हलत नाही."

डॉक्टरीणबाई अवघडली, निरोप घेऊन आपल्या धुळकट जीपकडे गेली. माझ्या टपावर पुन्हा कापड पडलं. इंजिन अजून गरम होतं.

आणि मग काय कौतुक झालं म्हणता त्याचं! दादा फोनवर म्हणाला, "याला म्हणतात माया." मुलगी म्हणाली, "बाबा, किती गोड हो तुम्ही." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ठेवलं हा माझ्यावर उपकार झाला असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं? ठेवणं आणि सांभाळणं यांत फरक असतो, हे शिकल्यासवरल्या माणसांना गाडीने सांगावं लागावं!

मला काढलं नाही, पण नवी आलीच. पांढरी, उंच, चार दारांची. बिचारीशी माझं काही भांडण नाही. तिच्या सीटवर शोरूममधलं प्लास्टिक होतं, ते त्याने काढू दिलं नाही. "महिनाभर तरी राहू दे गं, डाग पडतात." बायको कंबर सावरत आत बसली तेव्हा प्लास्टिक करकरलं. सीट मात्र तिला मानवली. खूप दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

"येत्या रविवारी समुद्रावर," तो म्हणाला.

रविवारी ती भल्या सकाळी तयार होऊन आली. उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, कंबरेला पट्टा, डब्यात दोघांचं खाणं. आकाश निरभ्र, रस्ता कोरडा. मीसुद्धा म्हटलं, चला, माझ्यातून नाही तर नाही, हिच्यातून तरी तिची हौस फिटू दे. तो नव्या गाडीभोवती फडकं घेऊन फिरत होता. मागच्या चाकापाशी थांबला, पत्र्यावरून बोट फिरवलं.

"मी काय म्हणतो, समुद्रावरची हवा खारी असते. पत्रा खाते. खालून एक कोटिंग करून घेतो, मग जाऊ. पुढच्या रविवारी नक्की."

मला वाटलं, आता ती ओरडेल, डबा आपटेल. पण नाही. आम्हा दोघींच्या मध्ये उभं राहून तिने आधी नव्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने डबा उघडला, अर्धं खाणं झाकणात काढून पायरीवर ठेवलं, टोपी डोक्यावर घातली आणि फाटक उघडलं.

"कुठे निघालीस?"

"समुद्रावर."

"अगं, पण कशाने?"

"बस आहे ना."

आमच्या दारावरूनच जाते ती बस. थोड्या वेळाने गेली. ती खिडकीशी बसली होती. त्याने फडकं धरलेला हात वर केला, पण तिने पाहिलं नाही. ती पुढे बघत होती.

आता ती दर रविवारी जाते. संध्याकाळी येते तेव्हा चपलांना वाळू असते आणि चेहरा उन्हाने तांबूस झालेला असतो. काय पाहिलं ते ती सांगत नाही आणि विचारायचं त्याच्याही जिवावर येतं. तो आपला सकाळी दोन्ही गाड्यांची कापडं काढतो, पुसतो, थोडा वेळ घुरघुरू देतो आणि बंद करतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी चष्मा करायला गेलात आणि तो भेटला, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, तुझी माया मला पुरली, आता किल्ली त्या डॉक्टरीणबाईला देऊन टाक. मी चिखलात रुतेन, शेणाने माखेन, एखाद्या वळणावर कायमची बंद पडेन, माझी कशालाच ना नाही. जिला न्यायचं होतं, ती तर आपली आपण गेली. आता मला तरी जाऊ दे.