सहाव्या फेरीची बेरीज

कन्सेप्टाने सहाव्या फेरीची बेरीज आता खालून वर करून पाहिली. तरीही शंभर मतं जास्तच आली.

आयर्लंडमधलं ते जिल्हा ग्रंथालय जिल्ह्यातल्या जुन्या निवडणुकांच्या निकालांचं पुस्तक काढत होतं आणि आकडे तपासायचं काम तिच्याकडे होतं. तिथल्या मतमोजणीत दर फेरीला बाद झालेल्या उमेदवाराची मतं मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांच्या गठ्ठ्यात जातात. फेऱ्या कितीही होवोत, एकूण बेरीज बदलत नाही. पाच फेऱ्या चोख जुळल्या होत्या. सहावी, शेवटच्या जागेची, जुळत नव्हती.

तिने निवडणूक अधिकाऱ्याच्या सहीचा मूळ कागद मागवला. मॅलकी डेव्हानी, ६,१०७. गावच्या वर्तमानपत्राने तेव्हा ६,२०७ छापलं होतं आणि पुढे सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. निवडून आलेल्याची मतं ६,२०८.

म्हणजे मॅलकीकाका एका मताने हरलेच नव्हते. शंभराहून जास्त मतांनी हरले होते.

तिने बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला. ते एक मत म्हणजे तिच्या बाबांचं, फिंटनचं, न पडलेलं मत. त्या दिवशी गाय अडली, वासरू ओढून काढेपर्यंत अंधार पडला आणि फिंटन धावत पोचला तेव्हा मतदान संपलं होतं. सख्ख्या भावाने अबोला धरला. गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. चाळीस वर्षं झाली, तरी पबमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "काय फिंटन, गाय बरी आहे ना?" काका या फेब्रुवारीत गेले, ते बाबांशी न बोलताच.

संपादक फेलिमचा फोन आला.

"कन्सेप्टा, उद्या छपाई आहे. एका आकड्यासाठी किती घोळ घालशील? ती माणसं सगळी मेली गं."

"सगळी नाही," ती म्हणाली.

घरी जाताना गाडी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये पडली. आता सांगणं म्हणजे उपकार की छळ, हे तिला ठरवता येईना. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. तिने कोटही न काढता सांगून टाकलं.

"बाबा, काका तुमच्यामुळे हरले नव्हते. पेपरात आकडा चुकला होता. शंभर मतं कमी होती त्यांना."

सुरी थांबली. ते हसतील, रडतील, निदान एक शिवी हासडतील म्हणून ती वाट पाहत राहिली.

"मूळ कागद पाहिलास?"

"सहीचा."

"मोजणीला मॅलकी टेबलांपुढच्या कठड्याशी शेवटपर्यंत उभा होता," बाबा सावकाश म्हणाले. "आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात."

म्हणजे काकांना खरा आकडा पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शंभरांनी पडलेल्याला कोण विचारतं? एका मताने पडलेल्याला गाव डोक्यावर घेतं. पेपरची चूक काकांच्या पथ्यावर पडली होती.

"बाकीचेही असतील ना तिथे? कुणीच कसं बोललं नाही?"

"जिंकलेल्यांना त्याच्या आकड्याशी काय देणंघेणं? बाकी सगळी त्याचीच माणसं होती."

त्यांनी बटाट्याचा एक डोळा कोरून काढला. मग म्हणाले, "आकडा आहे तसाच राहू दे, पोरी."

"बेरीज जुळत नाही, बाबा."

"एका मतासाठी रागावलेला भाऊ मला कळत होता. दर रविवारी चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसायचो. त्याच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात माफी मागायचो."

आपण हे सांगायला नको होतं, एवढंच तिला वाटत राहिलं. बाबांनी बटाटे पातेल्यात टाकले, पाणी ओतलं, मीठ घातलं. चूल पेटवून ते तिच्याकडे पाठ करूनच उभे राहिले.

"छाप मग. खरं आहे ते छाप," ते म्हणाले. "पण ते पुस्तक या घरात आणू नकोस."