गुरुवारची चौथी खुर्ची

"माणूस माणसाला पुरता ओळखू शकतो, त्याला शब्द लागत नाहीत," असं अदेल्मो गिऱ्हाइकाला सांगत होता आणि सांगता सांगता तराजूत दोन इंची खिळे टाकत होता. "आमचा रुफिनोच घ्या ना. पत्ते खेळायला समोर बसला, की त्याच्या मनात काय चाललंय ते मला पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. इतकी वर्षं झाली, एकदाही चूक नाही. म्हणजे, गेला गुरुवार सोडला तर."

त्याच वेळी दुकानाच्या दारात पाववाला बास्को उभा राहिला. अंगावर पिठाने माखलेला अ‍ॅप्रन तसाच होता. सकाळच्या वेळी हा माणूस भट्टी सोडून बाहेर पडल्याचं सान तादेओ गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"अदेल्मो, रुफिनो गेला."

"कुठे?"

"गेला रे. पहाटे. त्याने स्वतःच..." बास्कोने पुढचा शब्द शोधला, तो सापडला नाही, म्हणून त्याने अ‍ॅप्रनला हात पुसले. "नेलिदाने पाहिलं सकाळी."

अदेल्मोने तराजूकडे पाहिलं. काटा जरा मागे होता. त्याने आणखी दोन खिळे टाकले, पुडी बांधली, सुटे पैसे मोजून दिले आणि गिऱ्हाइकाला बजावलं की खिळे ओल्यात ठेवू नका, गंजतात. गिऱ्हाईक टोपी काढून उभंच होतं. ते पुडी न घेताच निघून गेलं.

मग अदेल्मोने विचारलं, "कोणता रुफिनो?"

गावात रुफिनो एकच होता. रेडिओ दुरुस्त करणारा, लांबट चेहऱ्याचा, बहीण नेलिदा हिच्याबरोबर राहणारा. दुसरा एक होता, तो गावातली आगगाडी बंद झाली त्याच्याही आधी वारला होता. बास्कोने गल्ल्यामागचं स्टूल ओढलं आणि अदेल्मोच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. खांद्यावर पिठाचा पंजा उमटला. तो कोट अदेल्मोने पुढे कितीतरी दिवस झटकला नाही.

*

एरवी मयताच्या घरी माणसं गेलेल्याविषयी बोलतात. तो कसा दिलदार होता, कसा मेहनती होता, आणि नसला तर निदान देखणा होता. या खेपेला मात्र जो तो स्वतःविषयीच बोलत होता. शवपेटी बंद होती. तिच्याभोवती खुर्च्या मांडलेल्या, नेलिदाच्या शेजारणी कॉफी आणि बडीशेपेची दारू फिरवत होत्या, आणि सारा गाव आळीपाळीने आपला गुन्हा कबूल करत होता.

बास्को म्हणाला, "महिनाभर तो अर्धाच पाव नेत होता. आणि मी काय म्हणालो? 'काय रुफिनो, लग्नाबिग्नाची तयारी चाललीय वाटतं, पोट कमी करतोयस!' सगळ्या गिऱ्हाइकांसमोर."

औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना गाव आदराने आणि थोडं कुचेष्टेने डॉक्टर म्हणतं, ते टाय सैल करत म्हणाले, "माझ्याकडे आला होता. झोप लागत नाही म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळनंतर येर्बाचा काढा पिणं बंद कर, झोप उडवतो तो. तो बरं म्हणाला आणि गेला. मी पुन्हा विचारलंसुद्धा नाही."

नगराध्यक्षीणबाईंनी सांगितलं की त्यांनी त्याला नाताळात शुभेच्छापत्र पाठवलं नव्हतं. त्या रडल्या. हे पत्र त्यांनी कोणालाच पाठवलं नव्हतं, पण ते तिथे कोणी काढलं नाही.

अदेल्मो कोपऱ्यात कॉफीचा कप धरून बसला होता. कॉफी केव्हाच गार झाली होती. हे सगळं त्याला पोरखेळ वाटत होतं. अर्धा पाव! येर्बा! शुभेच्छापत्र! गावात खरा गुन्हेगार एकच होता, आणि त्याच्याजवळ साक्षीदारही होते. बास्को आणि डॉक्टर, दोघेही गेल्या गुरुवारी पत्त्यांच्या टेबलावर होते. दोघांनी ऐकलं होतं. आता दोघेही त्याच्याकडे न बघता आपापले गुन्हे सांगत होते, हा त्यांचा चांगुलपणा होता, असं त्याने धरलं. चांगुलपणा त्याला सोसवेना. कप खिडकीत ठेवून तो बाहेर पडला.

*

गुरुवारचा तो डाव असा झाला होता.

क्लबात दर गुरुवारी दुपारी चौघे त्रुको हा पत्त्यांचा खेळ खेळत. अदेल्मो आणि रुफिनो एका बाजूला, बास्को आणि डॉक्टर दुसऱ्या. भिडू समोरासमोर बसतात आणि हातात काय आहे ते एकमेकांना चेहऱ्याने कळवतात. हे चोरून चालत नाही, तो खेळच तसा आहे. फक्त समोरच्याने पकडता कामा नये. भुवया उडाल्या की तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यांवर मात. ओठ चावला की तिर्री. डोळे मिटले की हातात काहीच नाही, सांभाळ. या भाषेत रुफिनो आणि अदेल्मो उभ्या प्रांतात वाकबगार होते. असं अदेल्मो म्हणे. रुफिनो हसे.

त्या दिवशी शेवटच्या डावात बास्कोने "त्रुको!" म्हणून टेबलावर मूठ आपटली. आता आव्हान घ्यायचं, नाहीतर डाव सोडायचा. अदेल्मोने समोर पाहिलं. रुफिनोचे डोळे मिटलेले होते. नुसती पापणी लवली नव्हती. स्वच्छ, बराच वेळ मिटलेले.

"सोडला," अदेल्मो म्हणाला.

बास्कोने आनंदाने गुणांचे राजम्याचे दाणे आपल्याकडे ओढले. पत्ते गोळा करताना रुफिनोचे पत्ते उलटे झाले. वरच तलवारीचा एक्का होता.

अदेल्मो उठून उभा राहिला. सगळा क्लब ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "हातात एक्का घेऊन आंधळ्याची खूण करतोस? डोळे मिटायचे असतील तर घरी जाऊन मीट! इथे कशाला येतोस?"

रुफिनो हसला. "चुकलं गड्या," म्हणाला. टोपी घातली आणि घरी गेला.

रविवारी पहाटे तो गेला.

*

दफनानंतरच्या आठवड्यात अदेल्मोने दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एका बाईला कुलूप दिलं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवली. जेवायला बसे, घास उचले आणि त्या घासाचं आता काय करायचं असतं ते त्याला आठवत नसे. तेवढं एकच वाक्य डोक्यात फिरत राही. झोपेतही तो ते म्हणत असावा, कारण बायकोने एकदा सकाळी कॉफी ओतताना नुसतंच विचारलं, "कोणाला घरी पाठवत होतास रे?"

शेवटी त्याने दाढी केली, लग्नाकार्यातला टाय बांधला आणि शिक्षा घ्यायला नेलिदाकडे गेला.

नेलिदा स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर गावाचे रेडिओ होते. काहींची पोटं उघडी, काही धड. माणसं दार वाजवत, डोळ्यांना रुमाल लावून सांत्वन करत, आणि जाता जाता विचारत, की आमचा तो तपकिरी रेडिओ... घाई नाही हं. ती कोणता कोणाचा ते ओळखून देत होती.

"तुझा कोणता?" तिने विचारलं.

"मी त्यासाठी नाही आलो."

"मग बस. तो निळा खाली ठेव आणि बस."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. डाव, मिटलेले डोळे, एक्का, आणि ते वाक्य, जसंच्या तसं, आवाज न उतरवता. "त्याने मला सांगितलं होतं नेलिदा. त्याच्याकडे आता काहीच उरलेलं नाही हे तो मला सांगत होता. ज्या खुणेने आम्ही बोलायचो त्याच खुणेने. आणि मी त्याला घरी पाठवलं."

नेलिदाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ती रडेल किंवा त्याला हाकलून देईल, या दोन्हीची त्याने तयारी केली होती.

"ते होय," ती म्हणाली. "ते सांगितलं त्याने मला. त्याच दिवशी, जेवताना. हसत होता. म्हणाला, हातात एक्का आणि मला लागली डुलकी, अदेल्मो गिळायलाच निघाला होता."

"डुलकी?"

"डुलकी. झोपला होता तो, बसल्या बसल्या. तू तरी काय रे, एवढं समोर बसून! घोरला नाही म्हणून बरं."

अदेल्मो खुर्चीत बसला. खुर्चीत रेडिओ होता. तो त्याने मांडीवर घेतला.

"रात्री झोपतच नव्हता," नेलिदा म्हणाली. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. इथे बसायचा, आता तू बसलायस तिथे. दाराच्या फटीतून मला दिवा दिसायचा. मी उठायची, झोप यावी म्हणून लिंडनच्या फुलांचा चहा करायची आणि विचारायची, साखर घालू का? तो म्हणायचा, घाल. रोज तेवढंच. साखर घालू का, घाल." ती थोडी थांबली. "तू तुझ्या एक्क्याचं घेऊन आलास. बास्को पावाचं सांगून गेला. मी माझी साखर धरून बसलेय. आजारी होता तो, अदेल्मो. इतकं सरळ होतं ते. पाय मोडला असता तर सगळ्या गावाने विचारलं असतं."

"त्याचे डोळे लाल असायचे," अदेल्मो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, वाइन."

"मला वाटायचं, कांदा."

दार वाजलं. बाहेर टोपी हातात घेऊन कोणीतरी उभं होतं. नेलिदाने अदेल्मोच्या मांडीवरचा रेडिओ उचलला, उलटा करून मागची चिठ्ठी बघितली आणि दाराकडे गेली.

अदेल्मो बसून राहिला. आठवडाभर त्याने उराशी बाळगलेला तो प्रचंड गुन्हा असा नुसती एक डुलकी निघाला, याने त्याला हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. गूढ खूण न कळल्याची क्षमा तरी मागता आली असती. इथे गूढ असं काहीच नव्हतं. समोर एक माणूस दिवसाढवळ्या बसल्या जागी झोपत होता, आणि प्रांतातला सर्वांत वाकबगार भिडू त्याच्या भुवया तपासत होता.

*

त्यानंतरच्या गुरुवारी तिघेच बसले. त्रुको तिघांत होत नाही. डॉक्टरांनी पत्ते पिसले, पुन्हा पिसले, मग नुसतेच टेबलावर ठेवले. चौथ्या खुर्चीचं नाव कोणी काढलं नाही. बास्को म्हणाला की पिठाचे भाव वाढणार आहेत. दोघांनी माना डोलावल्या.

दार उघडलं आणि नेलिदा आत आली. क्लबाच्या पत्त्यांच्या खोलीत बाईने येऊ नये असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो आजवर मोडला गेला नव्हता. बास्को गोंधळून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला.

"बस रे, शाळेत आहेस का?" नेलिदा म्हणाली. तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि अदेल्मोच्या समोर बसली. "घरात बसवत नाही गुरुवारी."

"पण बाई, तुम्हाला खेळता..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"दाढी करताना आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करायचा तो. सगळ्या खुणा पाठ आहेत मला. वाटा."

पत्ते वाटले गेले. पहिले काही डाव सगळे जपून खेळले. मग बास्कोचा हात आपोआप सैल झाला, आणि अखेर सवयीने मूठ टेबलावर आपटून तो ओरडला, "त्रुको!" ओरडला आणि लगेच जीभ चावली.

अदेल्मोने समोर पाहिलं. नेलिदाचे डोळे मिटलेले होते.

त्याने वाट पाहिली. तिने डोळे उघडले. आत लालसर होते. खालच्या पापणीशी काळं, कातड्याला सुरकुती. त्याने हातातले पत्ते पालथे करून टेबलावर ठेवले. डाव चालू असताना असं कोणी करत नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नेलिदा," अदेल्मो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की बारमागचा माणूसही वळला. "काल झोपलीस का?"

"नाही," नेलिदा म्हणाली. "परवाही नाही."

डॉक्टरांनी आपले पत्ते खाली ठेवले. बास्कोनेही. "आज तुमच्याकडे येतो मी," डॉक्टर म्हणाले, "औषध विकायला नाही. राजधानीच्या इस्पितळात माझ्या ओळखीची एक डॉक्टरीण आहे, खरी डॉक्टरीण, तिला फोन करू." बास्को म्हणाला की रात्री त्याची भट्टी चालूच असते, तिथे ऊब असते, बसायला पोती असतात, आणि बायको सारखी बडबडत असते. नेलिदाने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही ते नीटसं कळलं नाही, म्हणून अदेल्मोने तेही विचारलं. "हो," ती म्हणाली.

मग डाव पुरा करायचा म्हणून पत्ते उलटले. नेलिदाकडे दोन चव्व्या आणि एक पंजी होती, खेळातली सगळ्यांत हलकी पानं. बास्कोने दाणे ओढून घेतले.