आतून एकोणीस इंच

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रॅक आहे, आणि त्या सकाळीही मी घरातल्या लोखंडी रॅकवर जळतच उभा होतो. या घरातले बाबा कार्यक्रमांत साउंडचं काम करायचे, अँप्लिफायरसारखी मशीनं रॅकमध्ये बसवून न्यायचे. निघण्याआधी त्यांनी लोखंडी रॅक फडक्याने पुसला, स्क्रू पिळून पाहिले आणि टेम्पोत चढवला. माझ्यातली एक वायर तेवढी ओढून घेतली.

त्यांची मुलगी दारात होती. "निघालात?" एवढंच तिने विचारलं.

"आलोच," ते म्हणाले.

कार्यक्रमातच त्यांच्या छातीत कळ आली. लोखंडी रॅक परत आला, बाबा आले नाहीत.

माझा जन्म मुलीच्या पहिल्या पगारातून झाला, बाबांना भेट म्हणून. तिने एका अँप्लिफायरची दर्शनी पट्टी मोजली, एकोणीस इंच. उंचीचं गणितही चोख केलं: रॅकच्या मापातलं एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच, दोन युनिटचं मशीन साडेतीन इंचांचं. सुताराला म्हणाली, आतून बरोबर एकोणीस ठेवा. इथेच घात झाला. ते एकोणीस इंच मशीनच्या दोन्ही कानांसकट, म्हणजे पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकांसकट असतात. कान रॅकच्या खांबांवर टेकतात, तिथे स्क्रू बसतात. मधली मोकळी जागा पावणेअठराच्या आसपास लागते. माझ्यात मशीन कानांसकट आत गेलं. स्क्रूला धरायला काहीच नव्हतं.

बाबांनी माझ्यावरून हात फिरवला. झकास झालाय, वायरींना जागाच नव्हती, असं म्हणाले. मुलीचा चेहरा खुलला.

त्यानंतर प्रत्येक नवं मशीन त्या लोखंड्याकडे गेलं. तो गाणी ऐकून यायचा, मी वायरींची भेंडोळी सांभाळायचो. त्याला साधा पोचा आला तरी बाबांचा जीव कळवळायचा. सुट्टीच्या दिवशी तो टेम्पोत चढला की मुलगी खिडकीतून त्याच्याकडे बघायची. ती नजर माझ्या ओळखीची होती.

बाबा गेल्यानंतर त्यांचे कामातले जोडीदार काका लोखंडी रॅक न्यायला आले. मला ठोकून म्हणाले, हाही नेतो, आतून दोन पट्ट्या मारल्या की मशीनं बसतील. मला आनंदाने भरून आलं.

"एवढंच होतं?" मुलीने विचारलं. "मग बाबांनी का नाही मारल्या?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "मी दहादा सांगितलं त्याला. म्हणे, पट्ट्या मारल्या की पोरीला कळेल माप चुकलं ते. तिच्या रॅकला कोणी हात लावायचा नाही."

तिने मला दिलं नाही. लोखंड्या एकटाच गेला. खोटं कशाला सांगू, थोडा हेवा तरीही उरला. बाबांचा शेवटचा हात त्यालाच लागला होता.

मित्रांनो, घरातली बिनकामाची वस्तू हलवण्याआधी ती कोणी, कोणासाठी जपली होती, तेवढं विचारा.

टेम्पोचा आवाज गेल्यावर मुलगी माझ्या फळीवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, मला त्या लोखंडी रॅकचा फार हेवा वाटायचा," त्या सकाळी दारात बोलायचं राहून गेलेलं ती मोठ्याने म्हणाली. "आज नका ना जाऊ."