नजर लोखंडावर

नंदाबाईचा घण फाळावर पडला खरा, पण बोटभर चुकून. ठिणग्या सांडशीपर्यंत उडाल्या. सांडशी धरलेला महिपतीचा हात तिथून वीतभरही लांब नव्हता.

"नजर लोखंडावर ठिव," महिपती म्हणाला.

"लोखंडावरच हाय."

ती खोटं बोलत नव्हती. लोहाराच्या या घरात नांदायला आल्यापासून ती नवऱ्यासमोर घण मारत होती. त्याची हातोडी जिथं वाजेल तिथंच घाव घालायचा, एवढं तिला झोपेतही जमलं असतं. डोळे लाल फाळावरच होते. जीव मात्र दाराकडे लागला होता. तिथं, उजव्या डोळ्याच्या पार कडेला, घोरावाडीचा रखमाजी पांढरं मुंडासं बांधून पोत्यावर बसला होता. नव्या विजेच्या गाडीने मळवलीला उतरल्याचं कौतुक त्याचं आल्या आल्या सांगून झालं होतं. आता मूळ कामाला हात घालायचा होता. नंदाबाईला मूल नाही, म्हणून सासूने परस्पर निरोप धाडला होता आणि हा गृहस्थ महिपतीसाठी आपल्या भाचीचं स्थळ घेऊन भाजे गावी आला होता. महिपतीने त्यावर अजून हूं की चूं केलं नव्हतं. सासूपेक्षा त्या गप्प बसण्याचाच नंदाबाईला जास्त संताप आला होता.

हातोडी वाजली. तिने घण उचलला. रखमाजी जागचा हलला नव्हता, तरी ते मुंडासं ऐरणीजवळ सरकल्यासारखं वाटलं आणि महिपतीचा हात होता त्याहून दूर गेल्यासारखा. घण आला तो थेट सांडशीवर. सांडशी उडाली, फाळ राखेत पडला.

नंदाबाईने घण चटकन खाली टेकला. राग नवऱ्यावर होता, त्या हातावर नव्हता.

"आरं, हात गेला असता!" रखमाजी उठून उभा राहिला. "बाईमानसाच्या हातात घण कशापायी देतुस? गडी ठिव एखादा. ही बसंल घरात कोपऱ्याला. बरं, पोरगी बघाया कवा येतुस?"

महिपतीने मनगट चोळलं. फाळ पुन्हा भट्टीत घालून तो भाता ओढू लागला. घणाच्या दांड्यावर भार टाकून नंदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घाम डोळ्यांत उतरला तरी तिने पुसला नाही.

फाळ लाल झाला. महिपतीने तो ऐरणीवर ठेवला आणि या खेपेला सांडशी अगदी पुढे, लोखंडाजवळ धरली.

"हात मागं घ्या," ती म्हणाली.

त्याने हातोडीने जागा दाखवली. घण तिच्या डोक्याच्या वर गेला आणि त्याच वेळी महिपतीने मान वळवून रखमाजीकडे बघितलं. हात तिथंच होता, घणाखाली.

"मला दुसरी बायको करायची न्हाई," तो म्हणाला. "आईला मी सांगतो."

नंदाबाईला दार दिसेनासं झालं, मुंडासंही. दिसत होता फाळ आणि त्याच्यामागची काळी बोटं. घाव पडला, नेमका हातोडीच्या खुणेवर.

रखमाजी वहाणा शोधू लागला. महिपती त्याच्या पायांकडेच बघत बसला होता. एवढं बोलून गेल्यावर आता बायकोकडे बघायची त्याला लाज वाटत असावी.

"अवो, तिकडं काय बघताय?" नंदाबाई म्हणाली. "नजर लोखंडावर ठिवा. निवतंय ते."