सैल गाठ

माझ्या मुलीचं नाक चपटं आहे आणि डोळे बारीक आहेत, हे मला माहीत आहे. मलाही डोळे आहेत. तरी लातुरातल्या प्रत्येक शहाण्याला ते मला नव्यानं सांगावंसं वाटतं. भाजीवाली विचारते, "मॅडम, नेपाळची हाय का?" क्लासमधले फिजिक्सचे सर तर हसत म्हणाले, "पोरांना आनुवंशिकता शिकवता, आणि घरी हा नमुना?" मी म्हटलं, "सर, तुमचा मुलगा अगदी तुमच्यावर गेलाय. मला त्याचं जास्त वाईट वाटतं." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

मी शिवकन्या. गावोगावहून डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडलेल्या पोरांना बायोलॉजी शिकवते. मला मूल हवं होतं, नवरा नको होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आमच्या भावकीत हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कायद्यानं एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं. मी घेतलं. मुलगी मिळाली ती थेट अरुणाचलची. नाव यामी, वय चार.

माझ्या आईला, जगदेवीला, आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा यामीशी भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. तिनं यामीला पाहुणी करून टाकलं. पाहुण्यांचं ताट, पाहुण्यांचा तांब्या. यामीनं पिठाचा डबा उपडा केला तरी अव्वानं तोंडातून शब्द काढला नाही, मुकाट्यानं पीठ भरलं. आमच्या घरात शिव्या फक्त घरच्यांना मिळतात. मला या वयातही उठता बसता 'भवाने' ऐकावं लागतं. यामीला काहीच नाही. त्या गप्प बसण्याचा मला इतका संताप यायचा की रोज भांडी आपटायचे.

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग, म्हणजे शिवाचं छोटं लिंग, बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं आणि माणूस गेला की त्याच्यासोबत मातीत जातं. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही. यामीच्या गळ्यात तिचं लिंग यावं, आणि ते अव्वाच्या मांडीवर बसून यावं, एवढंच मला हवं होतं. एकदा अव्वाच्या मांडीवर बसली की यामी घरची. मग भावकीनं काय बोलायचं ते बोलावं.

सोमवारी विरूपाक्ष स्वामींना बोलावलं. नवं लिंग, ते ठेवायची चांदीची डबी, ती गळ्यात बांधायचा दोरा, सगळं आणून ठेवलं. माझे काका महादेवप्पा गंज बाजारातली आडत बंद ठेवून आले, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"शिवकन्ये, गंजात लोकं इचारायलेत. चिनी पोरगी आणली म्हणं."

"हाव म्हणा. आणखी काही विचारायचं असेल तर माझ्याकडं पाठवा."

स्वामींनी यामीच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाले, "घरातल्या थोरल्या बाईनं मांडीवर घ्यावं."

अव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती हलली नाही.

"माझी मांडी रिकामी न्हाई," ती म्हणाली.

काकांनी हं केलं. त्या 'हं'नं माझं डोकं फिरलं.

"रिकामी नाही? कोण बसलंय? पारू?"

पारू माझी धाकटी बहीण. भूकंपाच्या वर्षी अव्वा तिला घेऊन किल्लारीकडं माहेरी गेली होती, मी वडिलांजवळ, अप्पांजवळ, लातुरात होते. पारूही चारच वर्षांची होती. अव्वा एकटी परत आली.

"स्वामीजी, विचारा हिला," मी ओरडले. "पारूचं लिंग पारूसोबत गेलं नाही. देव्हाऱ्यामागं डब्यात आहे. मेलेल्या लेकराच्या गळ्यातलं काढून घेतलंय हिनं, आणि माझ्या जित्या लेकराला मांडी देत नाही!"

काकांचा चेहरा उतरला. "वैनी? खरं हाय?"

अव्वा उठून आत गेली. मी यामीला माझ्याच मांडीवर घेतलं आणि स्वामींना म्हटलं, बांधा. त्यांनी बांधलं. काका न जेवता निघून गेले. त्यांच्या मागोमाग स्वामीही उठले. अव्वाचं नाक कापलं याचा मला त्या घडीला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

जरा वेळानं अव्वा बाहेर आली. तिच्या हातात तो डबा होता. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"म्या काढून घेतलं न्हाई. दगडाखालनं वढली तिला, तर दोरा सुटून माझ्या मुठीत राह्यला. पोरगी लोकांनी पुढं नेली. समद्यांना एकाच आगीत घातलं, मातीसुदीक मिळाली न्हाई. म्या मूठ दाखवत पळाले, मला कुणी जवळ जाऊ दिलं न्हाई." तिनं डबा खाली ठेवला. "गाठ म्याच मारलेली. काचतंय म्हणून रडत होती, म्हणून सैल मारली."

 

यामी अंगणात पळायला निघाली तशी तिच्या छातीवरची डबी हेलकावली. अव्वानं दंडाला धरून तिला खसकन मागं ओढलं, पाठमोरी उभी केली, मानेवरचे केस बाजूला सारले आणि स्वामींनी मारलेली गाठ सोडली. मग दातओठ खाऊन पुन्हा बांधली. एकावर एक गाठी मारत गेली.

यामी कळवळली. "लागतंय!"

"लागू दे," अव्वा म्हणाली. "गप उभी ऱ्हा, भवाने."