डबे मांडणारी

“व्हर्ना, डबे मांड!”

ओढ्याकाठून वडिलांची हाक यायची, आणि व्हर्ना फ्रॉकच्या ओच्यात रिकामे डबे घेऊन पळायची. पडलेल्या ओंडक्यावर ओळ लावायची, धावत परत यायची आणि दोघांच्या पाठीमागे उभी राहायची. नेम धरायचे वडील, नाहीतर मोठा भाऊ रॉइस. ती मागे एक डोळा मिटून नुसतंच बोट रोखायची. कुणी वळून पाहत नसे.

वडील गेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर रॉइसकडे गेलं आणि त्यानं ते त्याच हिवाळ्यात विकून टाकलं. डोंगरांतल्या त्या गावावर पानगळीमागून पानगळी झाल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटांत बीन्स वाढता वाढता व्हर्नाचे केस पांढरे झाले. ती हाक तेवढी कानात राहिली.

म्हणून गहाणवटीच्या दुकानात तसलंच बारीक काडतुसांचं रिव्हॉल्व्हर दिसलं, तेव्हा ती काचेपाशी थबकली. मुलाम्याचे पोपडे निघालेले, लाकडी मुठीला चीर.

“दिसायला अवतार आहे, म्हणून स्वस्तात सोडतोय,” दुकानदार म्हणाला. “चालतं मात्र झकास.”

“दिसायला मीही अवतारच आहे,” व्हर्ना म्हणाली. “दे ते.”

रविवारी चर्चमधून ती थेट रॉइसच्या दारात उभी राहिली. पिशवीत काय आहे ते पाहून तो हसला.

“ह्या वयात दरोडा घालणार की काय गं?”

“तुझ्या घरावर. चल ओढ्यावर. एकदा तरी मला नेम मारायचाय.”

रॉइसचं हसू विझलं. “गुडघे दुखतात माझे.”

“तोंड नाही ना दुखत? मग बसून शिकव. आणि आज डबे तू मांडायचेस.”

पिवळ्या पानांनी ओढा झाकून गेला होता. ओंडका केव्हाच कुजला होता. रॉइसनं मातीच्या दरडीलगतच्या दगडांवर डबे लावले आणि कण्हत मागे आला. शिकवायला म्हणून त्यानं हात पुढे केला, पण व्हर्नानं नळी खाली धरून चक्र उघडलंही होतं. तिनं एकेक काडतूस बसवलं. एक घर रिकामं ठेवलं, आणि घोडा नेमका त्या रिकाम्या घरावर आणला. जुन्या हत्याराला चुकून धक्का बसला तरी बार उडू नये, म्हणून.

रॉइस बघतच राहिला. “हे कुणी शिकवलं तुला?”

“डॅडींनी. तुला सांगायचे तेव्हा मी मागेच असायचे. डबे मांडत होते, बहिरी नव्हते.”

पहिल्या बाराला नुसती माती उडाली. दुसऱ्याला टोमॅटोचा डबा टणकन उडाला आणि पानांत लोळत गेला. मग पीचचा. मग कॉफीचा. बंदुकीच्या दारूचा तिखट वास नाकात भरला आणि व्हर्ना खुदकन हसली, फ्रॉकमधल्या पोरीसारखी.

“अरे, बघितलंस का? घे, तुझी पाळी!”

रॉइसनं मान हलवली. “तूच मार.”

तिनं चक्र उघडलं, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तळहातावर घेतल्या. त्या कोमट होत्या. हत्यार तसंच उघडं ठेवून म्हणाली, “मग मांड परत.”

तो गेला. एक डबा लावला, दुसरा लावला. तिसरा हातात धरून तसाच उभा राहिला, दरडीकडे तोंड करून.

“काय झालं रे? गुडघा?”

“व्हर्ना,” तो म्हणाला, पण वळला नाही. “शेवटच्या दुखण्यात डॅडींनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं ना, ते माझ्यासाठी नव्हतं. म्हणाले, ‘पोरगी मागे उभी राहून बोटानं नेम धरायची. मला दिसायचं. हे तिला दे.’”