रेशमाच्या रक्तातली म्हातारी पेशी

मित्रांनो, मी एक म्हातारी तांबडी पेशी आहे, पारोळ्याच्या रेशमा घोडीच्या रक्तातली. जन्म तिच्या हाडातला. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पार खुरांपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. एरवी आम्ही बऱ्याच जणी तिच्या प्लीहेत, म्हणजे पोटातल्या रक्ताच्या कोठीत, आराम करत पडायचो. वरातीत ताशा वाजला, की प्लीहा आवळायची आणि आम्हाला झरझर बाहेर ढकलायची. मग रेशमा अशी नाचायची, की वऱ्हाडी नवरदेवाला सोडून तिच्याकडेच बघत. मला भारी मिजास होती त्याची.

तिचे मालक अभिमनभाऊ तिला हौसेने सजवत. खुरांना लाल रंग, कपाळावर मोत्यांची झालर. पण लग्नसराईत झालर रोज सोडतो कोण? तिच्याखाली, कानांच्या मुळाशी, गोचिडी फुगल्या. त्यांच्या लाळेतून तापाचे जंतू रक्तात आले. आधी पांढऱ्या पेशींत दडून बळावले, मग आमच्यावर तुटून पडले.

एक माझ्या शेजारणीला चिकटला. भोक पाडलं नाही मेल्याने, तिचीच कातडी आत ढकलत घुसला. आतलं तांबडं खाल्लं. एकाचे चार झाले, फुलीसारखे जुळले, आणि ती टरकन फाटली. तिचं तांबडं माझ्या तोंडावर उडालं. ते चौघे लगेच दुसऱ्या चौघींवर धावले.

कानातल्या नसेतून जाताना मला बाहेरचं ऐकू येतं. अभिमनभाऊंच्या बायको सुंदरबाई म्हणत होत्या, "आहो, घोडी लाल मुती ऱ्हायनी!"

"खुरना रंग शे तो, उतरी ऱ्हायना," भाऊ म्हणाले. "वरात शे आज, चल."

तो रंग नव्हता, मित्रांनो. त्या माझ्या बहिणी होत्या.

ताशा कडाडला. प्लीहेने सवयीप्रमाणे उरल्यासुरल्या जणींना ढकललं, थेट कत्तलीत. रेशमा तापाने फणफणत नाचली आणि आत आम्ही हजारोंनी फाटत होतो. भर चौकात तिने पुढचे गुडघे टेकले. लोकांना वाटलं, घोडी मुजरा करतेय. शिट्ट्या वाजल्या! भाऊंनी उठवायला लगाम ओढला, तेव्हा तिचा ओठ उलटला. हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या.

गुरांच्या डॉक्टर कामिनीताई धावत आल्या. त्यांनी झालर कापली. खाली गोचिडींचा घोस.

"भाऊ, गोचिडतापाने रक्त फुटतंय तिचं," म्हणत त्यांनी सुई टोचली.

भाऊ तिच्या मानेला बिलगून रडत होते, "आते नही नाचाडसू मी तिले."

औषध पोचलंय. जंतू मरताहेत, पण सगळे नाहीत. एक माझ्यात घुसलाय. प्लीहा बिघडलेल्या पेशींना आतल्या जंतूसकट गिळतेही, म्हणून मी तिच्याकडे धावतेय. मी आधीच फुटले, तर आणखी चौघी जातील, आणि रेशमाकडे आता फार जणी उरलेल्या नाहीत. मित्रांनो, जनावराला सजवायच्या आधी त्याच्या कानामागे बोट फिरवून बघा. रोज बघा.

आत काहीतरी हललं. हे दोन झाले. गिळ गं बाई, लवकर गिळ मला.